नोटेवरचे नाव आणि वहीतले नाव

हर्मन मेलव्हिलची 'द कॉन्फिडन्स-मॅन' ही कादंबरी १ एप्रिल १८५७ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरच्या प्रकरणात मिसिसिपीवरून चाललेल्या आगबोटीच्या केबिनमध्ये, रात्री, एकाच जळत्या दिव्याखाली एक म्हातारा बायबल वाचत बसलेला आहे. एक फेरीवाला पोरगा येतो. तो म्हाताऱ्याला दाराचे कुलूप आणि पैसे ठेवायचा कमरपट्टा विकतो आणि वर खोट्या नोटा ओळखण्याची एक पुस्तिका फुकट देऊन जातो. म्हातारा आपल्याजवळच्या नोटा त्या पुस्तिकेशी ताडून पाहू लागतो. पुस्तिकेचे म्हणणे असे, की खऱ्या नोटेवरील चित्राच्या कोपऱ्यात बदकासारखा एक पक्षी असतो. मात्र तो इतका बारीक असतो की तो तिथे आहे हे आधी कुणी सांगितल्याखेरीज दिसत नाही. म्हातारा डोळे ताणतो. पक्षी काही दिसत नाही.

या प्रसंगाचा अर्थ श्रद्धा आणि संशय यांच्या अंगाने लावण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. पण १८५७ च्या अमेरिकन वाचकाला त्यात रूपक दिसण्याआधी रोजचा बाजार दिसला असणार. देशभर सारख्या मोलाने चालणारे कागदी चलन तेव्हा अमेरिकेत नव्हते. अँड्र्यू जॅक्सनने १८३२ मध्ये सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या सनदेचे नूतनीकरण नाकारले, १८३६ मध्ये ती सनद संपली, आणि त्यापुढची पाव शतकभर नोटा काढण्याचे काम निरनिराळ्या राज्यांनी मान्यता दिलेल्या बँकांकडे राहिले. १८६० च्या सुमारास अशा बँका दीड हजाराहून अधिक होत्या. प्रत्येकीची नोट वेगळी, चित्र वेगळे, पत वेगळी. ओहायोतल्या बँकेची नोट न्यूयॉर्कच्या दुकानात पूर्ण किमतीला चालेलच असे नव्हते. बँक जितकी दूर आणि जितकी अपरिचित तितका बट्टा अधिक. त्यात बुडालेल्या बँकांच्या नोटा, कधी अस्तित्वातच नसलेल्या बँकांच्या नोटा, एक डॉलरच्या आकड्यात फेरफार करून दहाच्या केलेल्या नोटा.

साहजिकच दुकानदाराच्या गल्ल्याजवळ एक नियतकालिक असे. 'थॉम्पसन्स बँक नोट रिपोर्टर' हे त्यांतले एक प्रसिद्ध नाव. कोणती बँक जिवंत आहे, कोणत्या नोटेवर किती बट्टा घ्यावा, खोट्या नोटेवरच्या बाईचा हात कुठे चुकला आहे, अशा तपशिलांनी त्याचे रकाने भरलेले असत. नोट हाती आली की तिच्यावरचा मजकूर वाचायचा, चित्र वाचायचे, शेवटी ती देणाऱ्याचा चेहरा वाचायचा. पैशासाठी इतके बारकाईचे वाचन करणारा समाज दुसरा क्वचितच झाला असेल. आपण साहित्याचे विद्यार्थी 'सघन वाचन' असे ज्याला मोठ्या अभिमानाने म्हणतो, ते तिथे किराणा दुकानात चालत होते.

हे वाचन अनावश्यक करणारा कायदा यादवी युद्धातून जन्माला आला. युद्धाच्या खर्चाने सरकारी खजिना टेकीला आला होता. अर्थमंत्री सॅल्मन चेस याला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या: सरकारी कर्जरोख्यांना हमखास गिऱ्हाईक आणि देशाला एकसारखे चलन. २५ फेब्रुवारी १८६३ रोजी लिंकनच्या सहीने झालेल्या कायद्याने आणि ३ जून १८६४ च्या सुधारित कायद्याने दोन्हींची सांगड घातली. बँकेने संघराज्याकडून सनद घ्यायची, सरकारी रोखे विकत घेऊन वॉशिंग्टनच्या खजिन्यात ठेवायचे, आणि त्या तारणाच्या ९० टक्क्यांपर्यंत किमतीच्या नोटा सरकारकडून छापून घ्यायच्या. रोख्यांवर व्याज मिळतच राहणार, आणि वर नोटा कर्जाऊ देऊन त्यांवरही मिळणार. या दुहेरी व्याजावर पुढे पश्चिमेच्या शेतकऱ्यांनी फार दात खाल्ले. ही व्यवस्था राबवण्यासाठी नेमलेला पहिला कंट्रोलर ऑफ द करन्सी म्हणजे इंडियानातला बँकर ह्यू मॅककुलक. मूळ विधेयकाला त्याचा विरोध होता. १९०२ च्या मालिकेतल्या वीस डॉलरच्या नॅशनल बँक नोटेवर त्याच मॅककुलकचे चित्र आहे.

त्याच सुमारास हिंदुस्थानात काय चालले होते, हे ताडून पाहण्याजोगे आहे. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांचा नोटा काढण्याचा हक्क संपुष्टात आणला आणि १ मार्च १८६२ पासून तो सरकारने स्वतःकडे घेतला. ज्या यादवीने अमेरिकेला नवी नोट दिली, तिनेच मुंबईला कापसाचे सोने आणि शेअरबाजाराचे वेड दिले. युद्ध संपताच १८६५ मध्ये ते ओसरले आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे स्वतःच मोडीत निघाली. पण मुद्दा निराळा आहे. साम्राज्याला नोटा आपल्या हाती घेताना कुणाची समजूत काढावी लागली नाही. मध्यवर्ती सत्तेविषयी जन्मजात संशय बाळगणाऱ्या अमेरिकेला ते शक्य नव्हते. तिथे मधला मार्ग निघाला: पैसा राष्ट्राचा, नाव गावाचे.

ही मधली अवस्था नोटेच्या अंगावरच वाचता येते. पहिल्या मालिकेतल्या नोटेवर दोन आवाज आहेत. वरच्या बाजूला सांगितलेले आहे की या नोटेला संघराज्याच्या, खजिन्यात ठेवलेल्या रोख्यांचे तारण आहे. आणि खाली अमुक गावची अमुक बँक धारकाला मागताक्षणी इतके डॉलर देण्याचे वचन देते आहे. हमी एकाची, वचन दुसऱ्याचे. चार सह्यांचेही तसेच. ट्रेझरीच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या छापलेल्या आणि बँकेच्या अध्यक्षाची व कॅशियरची सही, निदान सुरुवातीच्या काळात, बहुधा हाताने केलेली. नोटा चारचारच्या तावांत येत. बँकेत बसून कॅशियर त्यांवर सह्या करी आणि कात्रीने त्या वेगळ्या करी. म्हणून जुन्या नोटांच्या कडा सरळ नसतात. ज्याचा हात घाईचा त्याच्या बँकेची नोट वाकडी. मागच्या बाजूला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधल्या भव्य चित्रांच्या कोरीव प्रतिकृती: पाच डॉलरवर कोलंबसाचे आगमन, दहावर मिसिसिपीशी पोचलेला द सोटो, वीसवर पोकाहोंटसचा बाप्तिस्मा, शंभरवर स्वातंत्र्याचा जाहीरनामा. हे राष्ट्रपुराण सर्वांना समान. मात्र त्याच पाठीवर एका बाजूला त्या त्या राज्याची मुद्रा, आणि दर्शनी बाजूला मधोमध बँकेचे नाव. ते नाव प्रत्येक बँकेसाठी वेगळे कोरलेले असे. कधी कमानीत, कधी वेलबुट्टीत, कधी सर्कशीच्या जाहिरातीला शोभेल अशा फुगीर अक्षरांत. १८८२ च्या मालिकेतल्या पाच डॉलरच्या नोटा यासाठी पाहाव्यात. अक्षरांची ही आतषबाजी कोणासाठी होती, असा प्रश्न मात्र पडतो, कारण ती वाचण्याची गरज एव्हाना कुणालाच उरली नव्हती.

गरज उरली नव्हती, कारण ३ मार्च १८६५ च्या कायद्याने राज्य बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसवला. कर कसला, तो मृत्युदंडच होता. १८६६ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली, १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि जुन्या नोटा पाहता पाहता व्यवहारातून गेल्या. ज्या जॉन थॉम्पसनने नोटा वाचण्याच्या विद्येवर नियतकालिक चालवले, त्यानेच १८६३ मध्ये न्यूयॉर्कची फर्स्ट नॅशनल बँक काढली होती. वारा ओळखणे हे त्याच्या धंद्याचेच अंग होते. आता आयोवातल्या खेड्याची नोट बोस्टनमध्ये पूर्ण किमतीला चाले, कारण तिच्यामागे आयोवा नव्हते, वॉशिंग्टन होते. बँक बुडाली तरी खजिना तिचे रोखे विकून नोटांचे पैसे चुकते करी. नॅशनल बँकेच्या नोटेत धारकाचा पैसा बुडाला असे या व्यवस्थेच्या संपूर्ण आयुष्यात झाले नाही.

ही तिच्या कर्त्यांची फार मोठी कामगिरी होती, आणि तिच्याकडे पाहताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. नोट सुरक्षित होती, ठेव नव्हती. नोटधारकाच्या पाठीशी रोखे होते, ठेवीदाराच्या पाठीशी फक्त संचालकांची अक्कल आणि सचोटी. बँक बुडाली की तिचे नाव छापलेला कागद जसाच्या तसा चाले, आणि त्या बँकेत आयुष्याची कमाई ठेवणारा माणूस रिसीव्हरच्या दारात रांगेत उभा राही. नोटांचा इतिहास लिहिणाऱ्यांत आणि त्या जमवणाऱ्यांत ही दुसरी रांग फारशी दिसत नाही. तिचे कारण अनास्था नव्हे. कारण असे, की नोट मागे राहते.

वॉशिंग्टनची फर्स्ट नॅशनल बँक हे याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणता येईल. तिचा सनद क्रमांक २६, म्हणजे अगदी पहिल्या फळीतली. अध्यक्ष हेन्री कुक. युद्धकाळात सरकारी रोखे घरोघर विकून देशभर नाव कमावलेल्या जे कुकचा हा भाऊ. कॅशियर विल्यम हंटिंग्टन. या दोघांच्या सह्या त्या बँकेच्या नोटांवर आहेत. पण दोघांचा संबंध आणखी एका संस्थेशी होता. ज्या ३ मार्च १८६५ रोजी राज्य बँकांच्या नोटांवर कर बसला, त्याच दिवशी लिंकनने दुसऱ्या एका कायद्यावर सही केली होती आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फ्रीडमन्स बँक, स्थापन झाली होती. सैनिकांचे पगार, धोबिणींची मिळकत, मजुरांची शिल्लक तिथे जमा होऊ लागली. तिचे मुख्यालय वॉशिंग्टनला आले आणि ट्रेझरीसमोर भव्य इमारतीत बसले. ठेव सरकारच्या हमीची आहे, असे अनेक ठेवीदारांना वाटत होते. आणि तसे वाटू नये यासाठी कुणी फारशी खटपट केली नाही. ती नोटा काढणारी बँक नव्हती, नुसती बचत बँक होती. तिच्या अर्थसमितीचा प्रमुख होता हेन्री कुक. हंटिंग्टनही त्याच समितीवर. ठेवीदारांचा पैसा कुक घराण्याच्या पेढीकडे आणि तिच्या संबंधितांकडे कर्जाऊ गेला यात मग नवल ते काय.

१८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुकची पेढी बुडाली आणि त्या वर्षीचे प्रसिद्ध आर्थिक संकट सुरू झाले. वॉशिंग्टनची फर्स्ट नॅशनलही तिच्याबरोबर बंद पडली. फ्रीडमन्स बँकेवर ठेवी काढून घेणाऱ्यांची झुंबड उडाली. मार्च १८७४ मध्ये विश्वस्तांनी फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केले: स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले, देशातले सर्वांत प्रतिष्ठित कृष्णवर्णीय नागरिक. त्यांच्या नावाने विश्वास परत येईल असा हिशोब होता. डग्लस यांनी पदरचे दहा हजार डॉलरही बँकेला उसने दिले. आत काय शिजले होते हे कळायला त्यांना फार दिवस लागले नाहीत, आणि त्या वर्षी जूनअखेर बँक बंद झाली. १८८१ च्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या प्रकरणाचा हिशोब मांडला आहे. आत्मचरित्र या प्रकाराच्या अभ्यासकाने तो भाग जरूर वाचावा. तिथे वक्ता नाही, फसवला गेलेला एक सभ्य गृहस्थ बोलतो आहे.

आता दोन कागद शेजारी ठेवू. वॉशिंग्टनच्या फर्स्ट नॅशनलची नोट बाळगणाऱ्याला १८७३ नंतरही तिचे पूर्ण मोल मिळत राहिले. फ्रीडमन्स बँकेच्या एकसष्ट हजारांहून अधिक ठेवीदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. ज्यांनी दावा केला आणि चिकाटी धरली त्यांना नंतरच्या वर्षांत हप्त्याहप्त्याने जास्तीत जास्त ६२ टक्के मिळाले. बऱ्याच जणांना काहीच मिळाले नाही. पहिल्या कागदावर ज्यांची सही होती, दुसऱ्या कागदाच्या नुकसानीत त्यांचाच हात होता.

व्यवस्थेची इतर अपुरेपणे थोडक्यात सांगतो, कारण ती अर्थशास्त्राच्या पुस्तकांत विस्ताराने मिळतात. सुरुवातीला एकूण नोटांवर तीस कोटी डॉलरची मर्यादा होती. तिचा मोठा भाग न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कने उचलला. युद्धात चिरडलेल्या दक्षिणेची पाळी येईपर्यंत पानात फारसे उरले नव्हते. लहानशा गावातही बँक काढायला पन्नास हजार डॉलर भांडवल लागे. ते १९०० मध्ये पंचवीस हजारांवर आले. शेतजमीन तारण घेऊन कर्ज देण्यास नॅशनल बँकांना मनाई होती, म्हणजे शेतकऱ्याजवळ जे एकमेव तारण तेच चालत नव्हते. आणि नोटांचे प्रमाण रोख्यांच्या किमतीशी बांधलेले असल्याने सुगीच्या दिवसांत पैशाची टंचाई ठरलेली. १९०७ च्या संकटानंतर हे दुखणे असह्य झाले आणि १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचा कायदा आला.

सहीविषयी मात्र थोडे अधिक लिहायला हवे. सही ही वचन देणाऱ्याची खूण. पण जिथे वचन निभावणारा दुसराच आहे तिथे सहीचे काय काम? ३ जुलै १९०१ रोजी मोंटानात वॅग्नरजवळ ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची गाडी लुटली गेली. लुटारू 'वाइल्ड बंच' या नावाने प्रसिद्ध असलेल्या टोळीचे होते. त्यांच्या हाती लागल्या हेलेनाच्या बँकेकडे निघालेल्या, अजून सह्या न झालेल्या, सुमारे चाळीस हजार डॉलरच्या नोटा. लुटारूंनी मग बँकेचे अधिकारी होऊन स्वतःच सह्या ठोकल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेंट लुईसला या नोटांसह एक स्त्री पकडली गेली. तिचे आडनाव बुलियन, लॉरा बुलियन. म्हणजे सोन्याचांदीची लगड. कादंबरीकाराने हे आडनाव योजले असते तर आपणच त्याला झोडपले असते. पण खरी गंमत पुढे आहे. १८९२ च्या कायद्यानुसार बँकेतून चोरीला गेलेली नोट बिनसहीची असो की खोट्या सहीची, तिचे पैसे चुकते करणे भागच होते. दरोडेखोराची सही आणि कॅशियरची सही यांत नोटेच्या मोलापुरता भेद राहिला नव्हता. १९२९ मध्ये नोटांचा आकार लहान झाला तेव्हा बँकेच्या अधिकाऱ्यांच्या सह्याही छापूनच येऊ लागल्या. लेखणी खाली ठेवली गेली आणि व्यवहारात काहीच बदलले नाही.

शेवट १९३५ मध्ये झाला. ज्या रोख्यांच्या तारणावर नोटा काढता येत, ते शेवटचे रोखे खजिन्याने त्या उन्हाळ्यात परत घेतले. तारण संपले, नोटा संपल्या. व्यवहारातल्या नोटा बँकांत येतील तशा वॉशिंग्टनला जाऊन नष्ट होऊ लागल्या. त्याआधी दीडएक वर्ष, १ जानेवारी १९३४ पासून, ठेवींना संघराज्याचा विमा लागू झाला होता. सत्तर वर्षे नोट सुरक्षित आणि ठेव उघड्यावर. ठेवीला छप्पर मिळाले तोवर नोटच जाण्याच्या वाटेवर लागली. या दोन तारखा एकमेकींजवळ येण्यामागे कुणाची योजना नव्हती.

आणि नेमके इथून नोटेवरचे नाव पुन्हा वाचले जाऊ लागले. जुन्या नॅशनल बँक नोटा जमवणारे अमेरिकेत आधीपासून होतेच, पण १९५३ मध्ये रॉबर्ट फ्रीडबर्गचा कागदी चलनाचा सूचिग्रंथ निघाला, १९६१ मध्ये कागदी चलन जमवणाऱ्यांची सोसायटी स्थापन झाली, आणि छंदाला शास्त्राचे रूप येत गेले. बारा हजारांहून अधिक बँकांनी या नोटा काढल्या होत्या. संग्राहक बहुधा आपल्या गावापासून सुरुवात करतो. आजोबांच्या गावची फर्स्ट नॅशनल, मग जिल्हा, मग राज्य. कंट्रोलरच्या वार्षिक अहवालांतून बँकेचे अध्यक्ष, कॅशियर, भांडवल, नोटांची रक्कम काढायची. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या खातेवह्यांतून कोणत्या बँकेला किती ताव गेले ते मोजायचे. स्मिथसोनियनमध्ये जपलेले छपाईचे नमुने पाहायचे. आणि मग अवशिष्ट नोटांची गणती ठेवायची. कित्येक बँकांची एकही नोट आजवर उजेडात आलेली नाही. अशी एखादी कुणाच्या जुन्या बायबलातून निघते तेव्हा या मंडळींत जो आनंद होतो, तो आपल्याकडे एखादे हरवलेले बाड सापडल्यावर होणाऱ्या आनंदाहून वेगळा नसावा.

या अभ्यासाने खरोखरच ज्ञानात भर घातली आहे. डाकोटा राज्य होण्यापूर्वी तिथल्या नोटांवर 'टेरिटरी' हा शब्द आहे. १८८९ मध्ये तो जातो. एका शब्दाच्या जाण्यात एका प्रदेशाचे नागरिक होणे आहे. कॅलिफोर्नियाने कागदावर कधी फारसा विश्वास ठेवला नाही, म्हणून तिथल्या काही बँकांनी १८७० च्या कायद्याखाली सोन्यात पैसे देण्याचे वचन असलेल्या पिवळसर कागदाच्या नोटा काढल्या. आयोवातल्या मेरियन गावच्या फर्स्ट नॅशनलची सूत्रे पतीच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये लुईझा स्टीफन्स यांच्याकडे आली. नॅशनल बँकेची अध्यक्ष झालेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. स्त्रियांच्या सहीच्या नोटा शोधणारे संग्राहक नसते तर असे तपशील अहवालांच्या ढिगाखालीच राहिले असते.

तरीही या वाचनाला एक कल आहे, तो ओळखला पाहिजे. बाजारात मोल दुर्मिळतेला, आणि दुर्मिळ नोट बहुधा लहान, अल्पायुषी, अपयशी बँकेची. इतिहासात जिचे नाव कुणी घेणार नाही ती बँक लिलावात राणी होते, आणि देशाचा व्यापार पेललेल्या न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेची नोट त्या मानाने स्वस्तात मिळते. शिवाय काय टिकले हेही योगायोगाने ठरलेले नाही. पहिल्या क्रमांकाचा ताव बऱ्याचदा बँकेच्या अध्यक्षाच्या घरी आठवण म्हणून राहिला. पाच डॉलर ही ज्याची आठवड्याची कमाई, त्याला आठवणीसाठी नोट बाजूला ठेवणे परवडत नव्हते. जुन्या शाईच्या सह्या उडून जातात, आणि बिनसहीच्या नोटेला किंमत कमी म्हणून पुसट सहीवर नवी शाई फिरवणारे महाभागही या क्षेत्रात आहेत. त्यांना ओळखण्यासाठी जाणता संग्राहक भिंग घेऊन शाईचा रंग, अक्षराचा झोक, कागदाच्या धाग्यात उतरलेली रेघ तपासतो. मेलव्हिलच्या दिव्याखालचा म्हातारा असा परत येतो. फक्त आता त्याला नोटेचे मोल ठरवायचे आहे ते ती खर्चण्यासाठी नव्हे.

शिकागोच्या दक्षिण भागात १९२२ मध्ये कृष्णवर्णीय उद्योजकांनी डग्लस नॅशनल बँक उघडली. फ्रीडमन्स बँकेच्या अनुभवानंतर अर्ध्या शतकाने, एका आर्थिक संस्थेला त्याच डग्लस यांचे नाव देण्यात केवढी हिंमत होती याची कल्पना करावी. या बँकेने नोटा काढल्या. डग्लस यांचे आडनाव अमेरिकेच्या राष्ट्रीय चलनावर आले. १९३२ मध्ये, मंदीत, तीही बुडाली. तिच्या नोटा आज फार मोलाच्या मानल्या जातात आणि त्या बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशीही पूर्ण किमतीच्या होत्या. तिच्या ठेवीदारांना मात्र तेव्हा विमा नव्हता.

ठेवीदारांचा कागद मुळीच उरला नाही असे मी वर सुचवले असेल तर ते पुरते खरे नाही. फ्रीडमन्स बँकेच्या शाखांत खाते उघडताना एका मोठ्या वहीत नोंद होई. व्यक्ती ओळखू यावी म्हणून कारकून प्रश्न विचारी: नाव, वय, वर्ण, जन्म कुठला, वाढ कुठे झाली, जुना मालक कोण, त्याचा मळा कोणता, नवरा किंवा बायको, मुले, आईबाप, भाऊबहिणी, आणि त्यांतले कोण विकले जाऊन कुठे गेले. उत्तर माहीत नसेल तर जागा कोरी. बँक बुडाली, वह्या राहिल्या. त्या आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. युटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी अकरा वर्षे बसून त्यांची सूची केली आणि २००१ मध्ये ती संगणकीय तबकडीवर निघाली: सुमारे चार लाख ऐंशी हजार नावे. ज्यांच्या पूर्वजांची जनगणनेत फक्त मालकाच्या नावाखाली संख्या होती, त्यांना पणजोबांचे नाव इथे सापडते. ट्रेझरीजवळच्या ज्या जागी ते मुख्यालय होते, तिथल्या सरकारी इमारतीला २०१६ मध्ये फ्रीडमन्स बँकेचे नाव देण्यात आले.

त्या वह्यांतल्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी सहीची जागा आहे. बऱ्याच ठिकाणी तिथे दोन तिरक्या रेघांची फुली आहे, आणि तिच्या आजूबाजूला कारकुनाच्या सुबक अक्षरात त्या माणसाचे नाव.